विश्वस्ताने जमीन खाल्ली तर मुदत नाही, लेकराचे बालपण खाल्ले तर फक्त तीन वर्षे!

बारा वर्षांचा कब्जा म्हणजे काय, हे आमच्या अड्याळमध्ये कोणाला समजावून सांगावे लागत नाही. बांध कोरणाऱ्याला ते माहीत असते आणि ज्याचा बांध कोरला गेला त्यालाही. धानाच्या बांधीवरून भांडण पेटले की चौथी शिकलेला म्हातारासुद्धा बोटांवर वर्षे मोजतो आणि सातबारा काढायला धावतो. जमिनीचा दावा किती वर्षांत टाकायचा हे गावाला पाठ आहे. पण त्याच कायद्याच्या त्याच पुस्तकात, लहानपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलीला किंवा मुलाला नुकसानभरपाईचा दावा टाकायला किती वर्षे दिली आहेत? हा प्रश्न कार्यकर्त्यांच्या बैठकीत विचारून पाहा. उत्तर येत नाही. वकीलही क्षणभर थांबतात, कारण असा दावा कोणी टाकलेला त्यांनी पाहिलेला नसतो.

उत्तर असे आहे: एकविसाव्या वाढदिवसापर्यंत. त्यानंतर दार बंद.

हे दार कसे बंद होते ते नीट समजून घ्या, कारण आपल्याला लढायचे आहे ते याच बारकाव्यांशी. लिमिटेशन ॲक्ट, म्हणजे मुदतीचा कायदा, १९६३ सालचा. त्याच्या अनुसूचीत कोणत्या दाव्याला किती मुदत याची लांबलचक यादी आहे. तीत बालपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या भरपाईचे नाव नाही. जे कुठेच बसत नाही ते अनुच्छेद ११३ मध्ये जाते, आणि तिथे मुदत तीन वर्षे. कलम ६ म्हणते की दावा करणारा अज्ञान असेल तर सज्ञान झाल्यावर मोजणी सुरू करा. कलम ८ म्हणते की ही सवलत सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांच्या पुढे जाणार नाही. अठरा अधिक तीन, एकवीस. पाचव्या वर्षी अत्याचार झाला असो की सतराव्या.

आणि पुढची दोन कलमे तर अधिकच कडक. कलम ५ खाली उशीर माफ करता येतो, हे सगळ्यांना माहीत असते. पण तो अपिलाला आणि अर्जाला. मूळ दाव्याला ती सवलत लागू नाही. म्हणजे न्यायाधीशाला मुलीची बाजू शंभर टक्के पटली, उशिराचे कारण डोळ्यांत पाणी आणणारे असले, तरी त्याचे हात बांधलेले. आणि कलम ३ म्हणते की समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी न्यायालयाने मुदतबाह्य दावा फेटाळलाच पाहिजे. अत्याचार करणारा गप्प बसला तरी त्याच्या वतीने कायदाच बोलतो!

आता ही एकवीस वर्षांची मुलगी कोण, ते डोळ्यांसमोर आणा. समजा ती याच पवनी तालुक्यातली आहे. आईबाप रोवणीला जातात, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडतात, कधी नागपूरला बांधकामावर राहतात. म्हणून तिला वसतिगृहात ठेवलेले. एकविसाव्या वर्षी ती एक तर नागपुरात खोली करून नर्सिंग किंवा पोलीस भरतीची तयारी करते आहे, नाही तर तिचे लग्न झाले आहे आणि कडेवर मूल आहे. जातीचा दाखला, जात पडताळणी, शिष्यवृत्तीचा अर्ज, या सगळ्यांसाठी तिला त्याच शाळेच्या, त्याच कार्यालयाच्या पायऱ्या चढायच्या आहेत. अत्याचार करणारा शिक्षक असेल तर तो अजून नोकरीत आहे. नात्यातला असेल तर लग्नाच्या मांडवात समोर उभा आहे. एनसीआरबीचे अहवाल वर्षानुवर्षे सांगतात की पोक्सोच्या गंभीर गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी मुलांच्या ओळखीचे असतात. ओळखीचा म्हणजे ज्याच्यावर पोटापाण्याचे, शिक्षणाचे, अब्रूचे काही ना काही अवलंबून आहे असा. या मुलीने तीन वर्षांत वकील गाठावा, फी भरावी आणि दावा टाकावा, अशी अपेक्षा करणाऱ्या माणसाने आयुष्यात कधी कोणावर अवलंबून राहिलेले नसावे.

ऑस्ट्रेलियात २०१३ ते २०१७ अशी पाच वर्षे एका राष्ट्रीय आयोगाने शाळा, चर्च, अनाथालये यांतल्या बाल लैंगिक अत्याचारांची चौकशी केली. हजारो लोकांनी त्यांच्यापुढे बंद खोलीत आपली गोष्ट सांगितली. अत्याचार झाल्यापासून तोंड उघडेपर्यंत या लोकांना सरासरी २३.९ वर्षे लागली होती. आठव्या वर्षी सोसलेली व्यक्ती बत्तिशीला आल्यावर बोलते, असा त्याचा अर्थ. तोवर आपल्याकडचे दार अकरा वर्षांपूर्वी बंद झालेले असते. आणि ही गोऱ्या, बऱ्यापैकी सुस्थितीतल्या देशाची सरासरी आहे. त्यात जात मिळवा, आणि मग हिशेब करा.

मुदतीच्या कायद्यामागचे तत्त्व विधी महाविद्यालयात पहिल्या वर्षी शिकवतात: जो जागा असतो त्याला कायदा मदत करतो, झोपलेल्याला नाही. चांगले तत्त्व आहे. उसने दिलेले पैसे वीस वर्षांनी मागायला येणाऱ्याला ते जरूर सुनवा. पण जिला धमकावून, दामटून, घरच्यांची भीती घालून गप्प बसवले ती झोपलेली नव्हती. ती कित्येक रात्री जागीच होती. झोपेचे सोंग घेतले होते ते वसतिगृहाच्या अधीक्षकाने, संस्थेच्या अध्यक्षाने आणि त्या पोलीस ठाण्याने, जिथून तिच्या आईला हाकलून दिले.

कायद्याला कायमचे जागे राहता येत नाही का? येते. कोणासाठी ते पाहा.

याच मुदतीच्या कायद्याचे कलम १० वाचा. विशिष्ट हेतूसाठी न्यास म्हणून सोपवलेली मालमत्ता विश्वस्ताने लाटली, तर ती परत मिळवण्याच्या दाव्याला कितीही काळ लोटला तरी मुदतीचा अडसर नाही. हिंदू, मुस्लिम आणि बौद्ध धर्मादाय संपत्तीचा त्यात नाव घेऊन उल्लेख आहे. म्हणजे विहाराच्या जागेचा गैरव्यवहार पन्नास वर्षांनी उघडकीस आला तरी विश्वस्ताला ओढता येईल, आणि ते योग्यच आहे. पण त्याच विश्वस्ताच्या शाळेत, त्याच्या डोळ्यांदेखत लेकरू नासवले गेले, तर ते लेकरू बावीस वर्षांचे झाले की विश्वस्त निर्धास्त. जमीन हा त्याच्याकडे ठेवलेला विश्वास, आणि आईबापाने हात धरून आणून सोडलेले मूल हा विश्वास नाही? कोणत्या माणसांनी कोणत्या माणसांसाठी हा कायदा लिहिला, हे या एका कलमावरून कळते.

सरकारचे बघा. सरकारला स्वतः दावा टाकायचा असेल तर अनुच्छेद ११२ खाली तीस वर्षे. तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंत लाखो नोकर, सरकारी वकिलांची फौज, त्यांना तीस. एकट्या मुलीला तीन.

फौजदारीतही हाच प्रकार. आज तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांना तक्रारीची जी मुदत आहे, ती या देशात १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने आणली. ती संहिता एप्रिल १९७४ मध्ये लागू झाली. आणि त्याच १९७४ साली संसदेने आणखी एक कायदा केला की आयकर, केंद्रीय विक्रीकर वगैरे आर्थिक गुन्ह्यांना ही मुदत लागू होणार नाही! तिजोरीचा प्रश्न आला तेव्हा संसदेला चटकन कळले की लबाड माणूस वेळ काढतो आणि मुदतीचा फायदा घेतो. लेकरांच्या बाबतीत ते अजून कळायचे आहे.

फौजदारीची ही गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण इथे आपल्यातल्या अनेकांचा गैरसमज आहे. 'बलात्काराला मुदत नसते' असे म्हणतात ते खरे आहे. पण २०१३ पूर्वी बलात्काराची व्याख्या अतिशय अरुंद होती. त्या व्याख्येत न बसणारा बराचसा अत्याचार भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४ मध्ये, म्हणजे 'विनयभंगात' ढकलला जायचा. त्याला शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षे. दोन वर्षे शिक्षा म्हणजे तक्रारीची मुदत तीन वर्षे. आणि फौजदारी संहितेत अज्ञान मुलांसाठी घड्याळ थांबवण्याची तरतूदच नाही. आता हिशेब करा: २००४ साली अकरा वर्षांच्या मुलीवर असा अत्याचार झाला. तिची फौजदारी मुदत २००७ मध्ये संपली, ती चौदा वर्षांची असताना. आठवीत! दिवाणी मुदत संपली २०१४ मध्ये. मुलगा असेल तर कलम ३५४ सुद्धा नाही, कारण ते फक्त स्त्रियांपुरते. न्यायाच्या हितासाठी न्यायालय फौजदारीतला उशीर माफ करू शकते अशी एक तरतूद आहे, जुन्या संहितेत कलम ४७३ आणि आताच्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ५१९. पण ती न्यायालयाची मर्जी आहे, मुलीचा हक्क नव्हे.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून पोक्सो आला आणि बरेच बदलले. पण तो मागच्या काळाला लागू नाही. २०१८ मध्ये पूर्णिमा गोविंदराजुलू यांनी हा प्रश्न केंद्र सरकारपुढे नेला. त्या शास्त्रज्ञ, कॅनडात राहणाऱ्या. चेन्नईत लहानपणी नात्यातल्या माणसाकडून झालेल्या अत्याचाराची तक्रार त्यांना मोठेपणी करायची होती आणि पोलीस दाद देत नव्हते. त्यांच्या मोहिमेनंतर ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने जाहीर केले की पोक्सोखाली कोणत्याही वयात तक्रार करता येईल. चांगली गोष्ट. पण ते स्पष्टीकरण आहे, कायद्यातली दुरुस्ती नाही. पोक्सोच्या कलम १२ मध्ये लैंगिक छळाला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेला तीन वर्षांची मुदत हे संहितेतले वाक्य जसेच्या तसे आहे. २०१२ पूर्वी बालपण गेलेल्या माणसांना तर या घोषणेने काहीच दिले नाही. देऊही शकत नव्हती, कारण संविधानाचे कलम २०(१) मागे जाऊन नवी शिक्षा लावू देत नाही. ते कलम बाबासाहेबांच्या संविधानातले आहे, आरोपीच्या संरक्षणासाठी आहे आणि आम्हाला ते हवेच आहे. आपल्याच पोरांना उद्या त्याची गरज पडते.

म्हणूनच दिवाणी दाव्याचा आग्रह. नुकसानभरपाई ही शिक्षा नव्हे. तिच्यासाठी संसदेने किंवा विधानसभेने मुदत मागे नेऊन उघडली तर कलम २०(१) आड येत नाही. आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या, ज्यांचे बालपण १९९० च्या आणि २००० च्या दशकात आश्रमशाळांत, वसतिगृहांत, नातेवाइकांच्या घरी गेले, त्यांच्यासाठी न्यायालयाचे एवढेच दार उघडता येण्यासारखे उरले आहे.

'पण भरपाई तर मिळते ना, मनोधैर्य योजना आहे!' असे कोणी म्हणेल. आहे. २ ऑक्टोबर २०१३ पासून आहे, आणि ज्यांना मिळू शकते त्यांनी ती सोडू नये. पण ते पैसे सरकारचे, म्हणजे आपलेच. ज्या संस्थेने गुन्हेगाराला नोकरीवर ठेवले, तक्रार दाबली, रजिस्टर गहाळ केले, तिच्या खिशातून रुपया जात नाही. दिवाणी दावा संस्थेलाच पिंजऱ्यात आणतो. नेमणुकीचे कागद दाखवा, भेट वही दाखवा, आधीच्या तक्रारींचे काय केले ते सांगा, असे विचारण्याची सोय तिथे आहे. तुरुंगात गेलेल्या एका शिपायापेक्षा संस्थाचालकांना याची भीती जास्त वाटते.

राजुऱ्याचे उदाहरण घ्या. चंद्रपूर जिल्हा आपल्याला परका नाही. २०१९ मध्ये राजुऱ्यातल्या एका इंग्रजी शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले. तपासात मुलींची संख्या १७ वर गेली. त्या वेळी पालक भरपाईच्या पैशांसाठी तक्रारी करत आहेत अशा अर्थाची विधाने जिल्ह्यातल्या पुढाऱ्यांच्या तोंडून निघाली, ती विसरू नका. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने माहीत असून कळवले नाही असा आरोप होता, आणि न कळवणे हा पोक्सोच्या कलम २१ खाली गुन्हा आहे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये डॉक्टरवरचा तो गुन्हा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी हा निकाल फिरवला आणि बजावले की माहीत असून न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे आणि बहुतेक वेळा तो अत्याचार करणाऱ्याला वाचवण्याचा प्रयत्न असतो.

शब्द कडक. पण कलम २१ ची शिक्षा किती? सहा महिने. संस्थेचा प्रमुख असेल तर एक वर्ष. एक वर्षापर्यंतच्या शिक्षेला तक्रारीची मुदत एक वर्ष! राजुऱ्याच्या मुली लहानपणीच बोलू शकल्या, पालक उभे राहिले, म्हणून डॉक्टरपर्यंत कायदा पोहोचला. त्याच मुली विसाव्या वर्षी बोलल्या असत्या तर? गुन्हा कळल्यापासून मोजा, असा युक्तिवाद करता येईल. पण 'मुलीने तर स्वतःच त्याला सांगितले होते, तिला तेव्हाच कळले होते' असे उत्तर समोरचा वकील खिशात घेऊन येईल. ज्या कृत्याचा हेतूच वेळ काढणे हा आहे, त्याला सर्वांत कमी वेळेची मुदत दिली आहे. दाबून ठेवा, वर्षभर दाबून ठेवा, सुटाल.

आणि आपला ॲट्रॉसिटी कायदा? त्याचे कलम ४ कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकासाठी आहे. शिक्षा सहा महिने ते एक वर्ष. पुन्हा तेच, एक वर्षाची मुदत. गुन्हा नोंदवून न घेणारा ठाणेदार बदली होऊन दुसऱ्या जिल्ह्यात जातो तोवर ती संपत आलेली असते. खैरलांजी आपल्याच जिल्ह्यातली, मोहाडी तालुक्यातली. २९ सप्टेंबर २००६. सुरुवातीच्या तपासात आणि शवविच्छेदनात झालेल्या हलगर्जीपणाचे पुढे काय झाले हे ज्यांना आठवते, त्यांना वेळ कोण घालवतो आणि त्याचे मोल कोण मोजतो हे सांगायला नको. आठ जण दोषी ठरले, पण ॲट्रॉसिटीचा कायदा भंडाऱ्याच्या न्यायालयाने मान्य केला नाही.

हा प्रश्न आंबेडकरी चळवळीचा का, असे विचारणारे मित्र आम्हाला भेटतात. संविधान, आरक्षण, जमीन, खासगीकरण एवढे समोर असताना हे 'महिला संघटनांचे' काम आपण का घ्यावे? तर ऐका. या राज्यात आश्रमशाळांत आणि समाजकल्याणच्या वसतिगृहांत कोणाची मुले राहतात? घरापासून दूर, ज्यांचे आईबाप महिनोन्‌महिने भेटायला येऊ शकत नाहीत, अशी मुले कोणाची? २०१६ मध्ये बुलडाणा जिल्ह्यात खामगाव तालुक्यातल्या पाळा येथील आश्रमशाळेचे प्रकरण बाहेर आले ते आदिवासी मुलगी दिवाळीला घरी गेली तेव्हा. शाळेत असताना तिच्याभोवती मोठी माणसे कमी होती का? शिका, असे बाबासाहेबांनी सांगितले म्हणून आपण लेकरांना पोटापासून तोडून तिथे ठेवतो. त्या शिक्षणाच्या वाटेवर हे बसलेले आहेत. मग हा प्रश्न आपला नाही तर कोणाचा?

मथुराची आठवण काढा. २६ मार्च १९७२, देसाईगंजचे पोलीस ठाणे, चौदा ते सोळा वर्षांची आदिवासी मजूर मुलगी. नागपूर खंडपीठाने पोलिसांना शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नाही. म्हणजे तिने त्या रात्री विरोध केल्याचे दिसत नाही. आज आपल्या मुलींना सांगतात, तू तीन वर्षांत विरोध केला नाहीस. तर्क तोच आहे, फक्त घड्याळाची जागा कॅलेंडरने घेतली. मथुराच्या निकालावर उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. विदर्भातल्या एका मजूर मुलीमुळे देशाचा कायदा बदलतो, हे आपण पाहिलेले आहे.

आपला मुदतीचा कायदा इंग्रजांच्या पठडीतला. तिथेही नियम असाच: व्यक्तीला झालेल्या इजेच्या दाव्याला तीन वर्षे, अज्ञान असेल तर एकविसाव्या वर्षापर्यंत. फरक एवढा की तिथल्या न्यायाधीशाला मुदत बाजूला ठेवण्याचा अधिकार आहे. स्कॉटलंडने २०१७ मध्ये बालपणीच्या अत्याचाराच्या दाव्यांची मुदत काढूनच टाकली. इंग्लंडच्या सरकारनेही फेब्रुवारी २०२५ मध्ये तीन वर्षांची अट काढण्याचे जाहीर केले. ऑस्ट्रेलियाच्या राज्यांनी ती काढली. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये दाव्याची वयोमर्यादा पंचावन्न वर्षांपर्यंत नेली आणि मुदत संपून गेलेल्या जुन्या प्रकरणांसाठी ऑगस्ट २०१९ ते ऑगस्ट २०२१ अशी खास खिडकी उघडली. दहा हजारांहून अधिक दावे आले. मालक आपली चूक दुरुस्त करतो आहे आणि आपण त्याचे जुने जोडे घालून मिरवतो आहोत.

आता आक्षेपांकडे येऊ. वीस वर्षांनी पुरावा कुठून आणणार? हा प्रश्न दावा टाकणाऱ्याचा आहे. सिद्ध करण्याचे ओझे तिच्यावरच राहील, नाही करू शकली तर हरेल. आम्ही फक्त तिला उभे राहू द्या म्हणतो. संस्था बंद पडतील? न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरच्या कॅथलिक धर्मप्रांताने खिडकी उघडताच महिन्याभरात दिवाळखोरीचे संरक्षण मागितले, हे खरे. ज्यांचा हिशेब इतका मोठा होता त्यांना तो चुकवायची वेळ आली, यात मुलांचा दोष कोणता?

खरा आक्षेप तिसरा आहे, आणि तो आपल्याच माणसांचा आहे म्हणून त्याला मान देऊन उत्तर द्यावे लागेल. पोक्सो आपल्या पोरांविरुद्ध वापरला जातो. दलित मुलगा आणि सवर्ण मुलगी, ती सतरा वर्षांची, दोघे पळून गेले, की मुलीचा बाप पोलीस ठाण्यात जातो आणि पोरगा तुरुंगात. हे होते, आपण सगळ्यांनी पाहिले आहे. मग मुदत वाढवून आणखी एक शस्त्र कशाला द्यायचे? पण कोणाच्या हातात कोणती किल्ली आहे ते पाहा. त्या प्रकरणांत तक्रार बापाची असते, तीही लगेच. मुदतीचा तिथे संबंधच येत नाही. आम्ही मागतो तो दिवाणी दाव्याचा हक्क, आणि तो फक्त त्या व्यक्तीचा, ती सज्ञान झाल्यावर, तिच्या स्वतःच्या सहीने. बापाला, भावाला, जातपंचायतीला तो वापरता येऊ नये, असे कायद्यातच लिहा. सतराव्या वर्षी ज्याच्याबरोबर पळून गेली त्याच्यावर चाळिसाव्या वर्षी स्वतःहून दावा टाकायला कोणती बाई जाईल? घराण्याच्या इज्जतीचा कायदा एक, आणि माणसाच्या देहाच्या मालकीचा कायदा दुसरा. आपण दुसऱ्याच्या बाजूचे आहोत.

आणि हो, हे दावे सवर्ण संस्थाचालकांवरच येतील असे नाही. आपल्या वस्तीतल्या माणसावर येतील, आपल्या वसतिगृहावर येतील, निळा फेटा बांधून मंचावर बसणाऱ्यावरही येतील. 'चळवळीची बदनामी' म्हणून मुलीला गप्प करणारा आणि 'घराण्याची अब्रू' म्हणून गप्प करणारा, या दोघांत आम्हाला फरक दिसत नाही.

मुदत हा विषय संविधानाच्या समवर्ती सूचीत आहे, दिवाणी प्रक्रियेसोबत १३ व्या नोंदीत. म्हणजे दिल्लीकडे बोट दाखवून मुंबईला सुटता येणार नाही. विधानसभा दुरुस्ती करू शकते, राष्ट्रपतींची संमती घ्यावी लागेल. याच विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये शक्ती विधेयक गाजावाजा करून मंजूर केले, त्यात फाशी होती, टाळ्या होत्या. त्याला संमती मिळालीच नाही. फाशीची भाषा बोलणे सोपे असते. संस्थाचालकाच्या तिजोरीला हात लावणारी दोन ओळींची दुरुस्ती मांडा म्हटले की कोणी उठत नाही, कारण सभागृहात संस्थाचालक किती बसलेले असतात ते आपल्याला माहीत आहे.

तेव्हा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर जाणाऱ्या मोर्चांच्या निवेदनात या मागण्या गेल्या पाहिजेत. बालपणीच्या लैंगिक अत्याचाराच्या भरपाईच्या दाव्याला मुदत नको, व्यक्तीवरही नको आणि संस्थेवरही नको. ज्यांची मुदत संपली त्यांच्यासाठी किमान तीन वर्षांची खिडकी उघडा. पोक्सोचे कलम १२ आणि २१, आणि ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम ४, यांना आर्थिक गुन्ह्यांप्रमाणेच फौजदारी मुदतीतून वगळा. १९५४ च्या पोटनिवडणुकीत याच भंडाऱ्याने बाबासाहेबांना पाडले होते. आजच्या भंडारा-गोंदियाच्या खासदाराला खासगी विधेयकाचा मसुदा हातात देऊन उत्तर मागायला काय हरकत आहे?

आणि तोवर एक काम आजच करता येते. ज्या मुलामुलींचे वय आज एकोणीस-वीस आहे, त्यांची दिवाणी मुदत अजून चालू आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ खाली स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. भंडाऱ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा लागतो. आपल्या अभ्यासिकांत, वसतिगृहांत, भरतीची तयारी करणाऱ्यांच्या मैदानावर एवढे तरी सांगा. कोणाला काही सांगायला लावू नका, नाव विचारू नका. फक्त तारीख सांगा: एकविसावा वाढदिवस.

जय भीम.